गुरुजींचा पाचवा डबा

१

गुरुजींनी लपवलेला पाचवा डबा चोरीला गेला आणि चोरही सापडला, असं वच्छलाबाईंचं म्हणणं होतं. पंचाईत एवढीच, की त्यांनी पकडलेला चोर गुलाम रसूल जमादारांचा सख्खा मेहुणा होता.

एप्रिलचं ऊन ओट्यावर चढायच्या आत बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मोहटोल्यात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती आणि अर्ध्या गावाची नाळ त्यांच्याच हातानं कापली गेली होती, त्यामुळे अर्धं गाव त्यांना अजून वचकून असे. जमादारही त्यातलेच. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण कोणाची शेळी हरवली की लोक चामोर्शीच्या ठाण्याआधी त्यांच्याच ओट्यावर येत. माणूस वर्दी उतरवतो, खोड थोडीच उतरते.

"जमादार भाऊ," बाई म्हणाल्या, "तुमच्या साळ्याच्या दुकानात माह्या गुरुजीचा डबा हाये. हिरवा, पत्र्याचा. मी माह्या डोळ्यानं पाह्यला."

आत जमादारांच्या बायकोची, सईदाबींची भाकरी थापायची थांबली. अकरम त्यांचा धाकटा भाऊ. भंगाराचा धंदा करणारा, त्यामुळे गावात काही हरवलं की पहिलं बोट त्याच्याकडेच जाई.

"बसा, बाई," जमादार म्हणाले. "अव्वलपासून सांगा."

बाईंनी सांगितलं. गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान. मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि कोड्यांचं त्यांना भारी वेड. दर ईस्टरला चर्चच्या आवारात पोरांसाठी खाऊ लपवायचे आणि कोडी घालून पोरांना गरगर फिरवायचे. पुढे त्यांचा जुना विद्यार्थी लोकेश जंगल मोजणीच्या कामावर लागला आणि एक यंत्र घेऊन गावात आला. आभाळातल्या उपग्रहाला विचारून ते यंत्र आपण कुठं उभे आहोत ते आकड्यांत सांगायचं. लोकेशनं गुरुजींना सांगितलं, की जगात लोक असे आकडे इंटरनेटवर टाकून डबे लपवतात आणि कोणीतरी अनोळखी माणूस ते हुडकून काढतो. झालं. गुरुजींना आधीच हौस, त्यात हे. म्हातारपणी त्यांनी चर्चच्या भोवती पाच डब्यांचा खेळ मांडला. प्रत्येक डब्यात पुढच्या डब्याचं कोडं. आणि खेळणारं माणूस एकच, त्यांची बायको.

"घंटेपाशी पह्यला सापडला, विहिरीच्या कपारीत दुसरा. दोन अजून सापडले. मी शोधो अन् गुरुजी लांब उभे राहून हासत." बाईंनी कंबरेची पिशवी चाचपली. "पाचव्याचं कोडं हातात पडलं अन् त्याच पावसात त्यायले ताप आला. मेंदूचा मलेरिया. नदीले पूर, रस्ता बंद. मी नर्स असून हात जोडून बसली."

"याले तं तीन वर्षं झाले, बाई. मंग आता काऊन गेल्या डब्यासाठी?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सापडला का संपलं ना, भाऊ. अजून एक गोष्ट बोलाची राह्यली हाये त्यायची माह्याशी, असं वाटे. ते पुरवून पुरवून ठेवलं मी. पण आता दवाखाना बंद झाला, क्वार्टर खाली कराचा हाये. या महिन्याच्या शेवटी माहा भाऊ येऊन राह्यला, नागपूरले घेऊन जाते म्हणते. म्हून चर्चमागच्या वाटेनं बेहड्यापाशी गेली. तं तिथी काईच नाई."

त्यांनी कंबरेच्या पिशवीतून चिठ्ठी काढली. जमादारांनी चष्मा लावला.

*घंटा येते कानी, चर्च दिसत नाही,*
*तीन दगड मांडले, चूल पेटत नाही.*
*त्यांच्या पोटी ठेवलंय, जे बोललो नाही.*
*सावकाश ये वच्छला, मला घाई नाही.*

जमादारांनी ती दोनदा वाचली. माणूस मातीत जाऊन तीन वर्षं झाली, तरी कागदावर अजून बायकोची चेष्टा करत होता.

"त्या डब्यात काय होतं, बाई?"

"तेच तं मालूम नाई!" वच्छलाबाई एकदम रडू लागल्या. अर्ध्या गावाला जन्माला घालताना ज्यांच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं, त्या.

२

अकरमचं दुकान म्हणजे बाजाराच्या टोकाला टिनाचं छप्पर. खाली फुटके हंडे, सायकलचे सांगाडे, आणि मधोमध, जणू राजा बसवावा तसा, एक हिरवा डबा.

"जीजा, तुम्ही पण?" अकरम उसळला. "दवाखाना बंद झाला तवा मिशनवाल्यायनं ढिगानं डबे इकले. औषधाचे. गावात कोणालेही इचारा. सईदा आपाच्या घरी शेवया कशात ठेवते? त्यातलाच डबा हाये तो!"

हे खरं होतं. जमादार रोज तो डबा बघत, पण घरातली वस्तू माणसाला दिसते थोडीच.

त्यांनी अकरमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. संशयिताच्या तोंडाकडे बघत बसतो तो नवा शिपाई, असं त्यांचं मत होतं. डबा उचलून त्यांनी झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं आणि नखाखाली आलेली धूळ उन्हात धरली. मग डबा नाकाला लावला. फिनाईलचा वास अजून होता.

येताना त्यांनी बाईंना एकच प्रश्न विचारला होता. पावसाळ्यात डबा भिजू नये म्हणून गुरुजी काय करायचे? चर्चमधल्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून झाकणाच्या भोवती मेण ओतायचे, बाई म्हणाल्या होत्या. आधीचे चारही डबे उघडायला त्यांना सुरी लागली होती.

इथं मेणाचा कणही नव्हता. पत्र्यात शिरलेलं मेण खरवडून जात नाही, आणि गेलं तरी तीन पावसाळे रानात काढलेल्या डब्याला फिनाईलचा वास राहत नाही.

"हा डबा तो नव्हे," जमादार म्हणाले.

"मंग मले चोर म्हणणाऱ्या बाईले सांगा तसं."

"सांगतो. तू एक सांग. चर्चच्या मागून जंगलात जाणारी पायवाट हाये, तिथून जाते ना तू भंगार आणाले?"

"जातो ना. महाशिवरात्रीले, मार्कंड्याच्या जत्रेच्या टायमाले गेलो होतो. मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली जंगलवाल्यायचा देव हाये, गोट्यायचा ढीग. असा, छातीएवढा." त्यानं हात छातीला लावला. "मी तं सायकल धा हात दुरून नेतो, बापा. दुसऱ्याच्या देवाले कोण हात लावन?"

जमादार घरी आले तेव्हा सईदाबी दारातच उभ्या होत्या. भाऊ सुटल्याचं ऐकून त्यांनी सुस्कारा सोडला आणि लगेच वसकन म्हणाल्या, "मंग चोर कोण?"

जमादारांना त्याचं उत्तर माहीत नव्हतं. पण डब्याची जागा सांगणारे आकडे या गावात आणखी एका माणसाकडे होते, आणि तो माणूस गेल्या आठवड्यापासून वच्छलाबाईंना चुकवत होता.

३

लोकेश चर्चमागच्या आंब्याखाली मोटारसायकल पुसत होता. जमादारांना बघून फडक्याचा हात जरा जास्तच जोरात चालायला लागला.

"यंत्र कुठी हाये रे?"

"कंपनीचं होतं, भाऊ. काम संपलं, वापस केलं. आकडे लिहून ठेवले होते, ते सिस्टरबाईले देले."

"गुरुजीसंग तूच गेला होता डबा ठेवाले?"

"नाई ना. त्यायनं मले येऊ नाई देलं. यंत्र दोन दिवस मागून घेतलं अन् एकटेच गेले. कुठी ठेवला ते त्यायलेच मालूम."

"मंग आकड्यावरून सापडाले पाह्यजे."

"तसं नाई होत, भाऊ. दाट झाडीत यंत्र चुकते. ईस-पंचवीस पावलं इकडं तिकडं होते. बाईले मी सांगतलं, बेहड्याच्या आजूबाजूनं सारं पाहा म्हणून."

"तू गेला होता का पाहाले?"

"मी कायले जाऊ?"

जमादार सावकाश खाली बसले. "बेहड्याखाली देव हाये म्हणते अकरम. छातीएवढा ढीग. त्याले घासून जा लागते म्हणते."

"छातीएवढा?" लोकेश हसला. "अकरमभाई गप्पा हाणून राह्यले. एवढासा तं हाये, गुडघ्याएवढा."

आंब्यावरची खार चिरचिरली आणि पळाली. हसता हसता लोकेशचा चेहरा पडत गेला, कारण काय बोलून बसलो ते त्याला कळलं होतं.

"ज्या वाटेनं तू गेला नाई," जमादार म्हणाले, "तिथला देव तुले गुडघ्याएवढा दिसला कसा?"

लोकेशनं फडकं टाकलं. तो तिशीला आलेला, दाढीमिशीवाला गडी, पण मास्तरांसमोर उभा असल्यासारखा मान खाली घालून उभा राहिला.

"गेलो होतो. मागच्या साली, पाऊस लागाच्या आंधी. अन् त्याच्याही आंधी एकदा. बाईले नाई सांगतलं. तो डबा त्यायचा हाये, मले हक नाई, हे समजते मले." त्यानं फडकं परत उचललं. "माहा बाप दारूत गेला, भाऊ. मले गुरुजीनंच शिकवलं. मले वाटलं, त्या डब्यात बाईसाठी असन ते असन, पण माह्यासाठीही एखादा शब्द असन. फक्त पाहून वापस ठेवणार होतो. झाडाभोवतीची सारी जमीन चाचपली. तीन दगड कुठीच नाई सापडले."

"ढिगाखाली पाह्यलं?"

"देवाखाली? नाई बा. तो जंगलवाल्यायचा हाये."

पोरगा खरं बोलत होता. आयुष्यभर खोटं ऐकलेल्या कानांना तेवढं कळतं. पण अकरमही खरंच बोलला होता. एक म्हणतो छाती, एक म्हणतो गुडघा, आणि ढीग तर एकच.

रात्री जेवताना जमादारांनी हे सईदाबींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोटे का पोट्टे होय, वाढाले?" आणि बोलता बोलता त्यांची नजर अंगणातल्या सायकलीकडे गेली. ती सैफची. त्यांचा मुलगा सैफ चार वर्षांपासून सौदीत ड्रायव्हर होता आणि शुक्रवारी शेजारच्या फोनवर दोन मिनिटं बोलायचा. ती सायकल कोणी चालवत नव्हतं, पण सईदाबी दर आठवड्याला तिला तेल घालत. जमादारांनी याबद्दल त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. चौकशी करू नये अशाही काही गोष्टी असतात.

४

रविवारी सकाळी जमादार वच्छलाबाईंना घेऊन पायवाटेनं निघाले. मोहफुलं वेचून बायका परतत होत्या आणि टोपल्यांमधून येणारा गोड आंबूस वास सगळ्या रानात भरला होता.

बेहड्याच्या वळणावर दोघं थांबले. झाडीनं चर्च पार झाकून टाकलं होतं, कळसावरचा क्रूसही दिसत नव्हता. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली. अगदी कानाशी कोणी वाजवावी इतकी स्पष्ट.

"घंटा येते कानी," वच्छलाबाई पुटपुटल्या. "जागा हेच हाये, भाऊ. मले मालूम होतं."

आणि समोर तो ढीग होता. ना छातीएवढा, ना गुडघ्याएवढा. कमरेएवढा.

जमादारांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, जसं एखाद्या जुन्या गुन्हेगाराकडे बघावं. ना शेंदूर, ना झेंडा, ना अंड्याचं टरफल, ना कोंबड्याचं पीस. चाळीस वर्षं ते या मुलखात हिंडले होते. भामरागडपर्यंत पायी गस्त घातली होती. पण नुसते दगड आणि दुसरं काहीच नाही, असा देव त्यांनी पाहिला नव्हता.

"हा कवापासून हाये इथी, बाई?"

"कोणास ठाऊक. मी आंधी या वाटेनं कवा येत नव्हती. चर्चमधले लोक म्हणतात जंगलवाल्यायचा हाये, त्याले हात लावू नका."

वाटेनं एक म्हातारा येत होता, खांद्यावर कावड घेऊन. पलीकडच्या जंगलातल्या पाड्याचा गायता, डोमा. गावाचे देव आणि सणवार त्याच्या हाताखालचे. जमादारांनी त्याला रामराम घातला.

"डोमाभाऊ, हा देव कोणता?"

डोमानं ढिगाकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंकडे, मग परत जमादारांकडे. आपली थट्टा चालली आहे की काय, असं त्याला वाटलं असावं.

"आमचा देव नाई तो," तो म्हणाला. "आमचे देव, पेन म्हणतो आमी, ते आमच्या पाड्यात राह्यते. हा तं तुमच्या चर्चवाल्यायचा हाये. आमी तुमच्या देवाचा मान ठेवतो, म्हून कवा हात नाई लावला."

"चर्चवाल्यायचा? कोणं सांगतलं तुले?"

"सांगाचं काय त्यात?" डोमानं कावड सावरली. "तुमच्या गुरुजीनंच तं मांडला."

आणि तो चालू लागला. वच्छलाबाई वाकून ढिगाच्या तळाशी ते तीन दगड शोधू लागल्या.

५

दुसरा कोणी असता तर तिथंच दगड उपसायला लागला असता. जमादारांनी तसं केलं नाही. गुरुजींनी तीन दगड मांडले होते, आणि इथं गाडीभर होते. बाकीचे आणले कोणी? आणि कोणी आणलेच, तर ते मधूनच कमी का होतात? चोर सापडण्याआधी चोरी काय झाली ते कळलं पाहिजे. त्यांनी बाईंना घरी पाठवलं आणि बाजाराच्या दिवशी सकाळपासून बेहड्यापासून थोडं दूर, विडी ओढत बसून राहिले.

पाड्यावरची माणसं बाजाराला जात होती. कोणी ढिगाकडे बघेना. दोन बायका आल्या, त्यांतल्या एकीनं वाटेतला एक दगड उचलला, ओठ हलवले आणि ढिगावर ठेवून निघून गेली.

दुपार कलली. खालच्या सडकेवर ट्रक थांबल्याचा आवाज आला. आंध्रात मिरची तोडायला गेलेली माणसं परत येत होती. दर साली पौष-माघात पाडेच्या पाडे तिकडे जात आणि उन्हाळा तापला की परतत. डोक्यावर बोचकी, हातांना मिरचीची आग, अंगावर नवे कपडे. वाट गजबजली.

त्यांना आणायला सडकेवर गेलेली एक बाई पुढे धावली. मागे लाल सदरा घातलेला एक पोरगा. ढिगापाशी येऊन तिनं इकडे तिकडे न शोधता एक चपटा, पांढरट दगड उचलला, रानात भिरकावून दिला आणि त्या पोराच्या पाठीत एक धपाटा घालून खदखदा हसली. तिच्यामागून दुसरी आली. तिनंही आपला दगड उचलला. तिच्यापाशी तर नवराच परत आला होता.

जमादारांची विडी हातातच विझली. ढीग कमरेखाली आला होता.

सगळे गेल्यावर एक म्हातारी उरली. धुरपता तिचं नाव, बाजारात चारोळी विकायची, म्हणून जमादार तिला ओळखत. तिनं ट्रककडून येणाऱ्या शेवटच्या माणसाचं तोंड नीट बघून घेतलं. मग ढिगापाशी बसली. एकही दगड उचलला नाही. सगळ्यांत खालच्या एका काळ्या दगडावरची माती तेवढी पदरानं पुसली.

"धुरपताबाई," जमादार जवळ जाऊन उकिडवे बसले, "हा तुमचा हाये?"

"पह्यला माहाच," ती म्हणाली. "गुरुजीच्या तीन गोट्यावरचा."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांनी सगळ्यांना बेहड्याखाली बोलावलं. वच्छलाबाई, लोकेश, अकरम, डोमा, धुरपता. सईदाबींना बोलावलं नव्हतं, पण त्याही आल्या. भावावरचा आळ पुसला जाताना कोण घरी बसेल?

"चोरी झालीच नाई," जमादार म्हणाले. "पह्यले अकरमची माफी मांगतो, मंग बाकीचं."

अकरमनं मान उडवली, पण खूश झाला.

"अकरम इथून गेला मार्कंड्याच्या जत्रेले. त्या वक्ताले सारे लोक मिरचीवर असते, ढीग छातीएवढा. लोकेश गेला पाऊस लागाच्या आंधी. तोवर लोक घरी आलेले असते, ढीग गुडघ्याएवढा. बाई अन् मी आलो मधात, तं कमरेएवढा. तिघंही खरं बोलले. खोटं कोणीच नाई बोललं, म्हून मी इतके दिवस भटकलो."

"पण काऊन कमीजास्त होते तो?" लोकेशनं विचारलं.

"जंगलवाले म्हणते हा चर्चवाल्यायचा, अन् चर्चवाले म्हणते जंगलवाल्यायचा. दोघांयनंही एकमेकाचा मान ठेवला अन् कोणी इचारलं नाई. खरं तं हा दोघांयचाही नाई. धुरपताबाई, तुम्हीच सांगा."

धुरपतानं कोणाकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "माहा लच्छू त्या साली मिरचीवर गेला होता. सारे आले, तो नाई आला. मी रोज या वाटेनं सडकेवर जाऊन पाहो. एक दिवस गुरुजी इथी बसून गोटे मांडत होते, तीन. खाली काईतरी झाकून. मी म्हटलं, हे काय करता? ते म्हणाले, माह्या बाईसाठी ठेवून राह्यलो. ती येईन अन् उचलन. मी म्हटलं, नाई आली तं? ते हासले. म्हणाले, अवो, ठेवलं का येते माणूस."

तिनं सडकेच्या दिशेला पाहिलं. पानांत एक पाखरू खुडबुडत होतं.

"मले वाटलं, गुरुजी शिकलेले हाये, त्यायले मालूम असन. मी बी एक गोटा घेतला, लच्छूचं नाव घेतलं अन् ठेवला. मंग बाकीच्या बायायनं पाह्यलं. ज्याचं माणूस भाईर गेलं, ते ठेवते. आलं का आपलाच गोटा उचलते, दुसऱ्याचा नाई. कोणाकोणाचे आले. ज्यायचे नाई आले, त्यायचे खाली हाये."

जमादारांनी टोपी काढून हातात घेतली. डबा तिथंच होता, मेणानं बंद, गुरुजींनी ठेवला तसाच. हात-दीड हात खाली.

लोकेश गुडघ्यावर बसला. "मी उचलतो, बाई. एकेक गोटा बाजूले ठेवतो, मंग तसाच परत मांडतो. घंटाभराचं काम हाये."

धुरपताचा हात त्या काळ्या दगडावर जाऊन पडला आणि तिथंच राहिला. सगळ्यांचे डोळे वच्छलाबाईंकडे लागले. त्यांचा भाऊ परवा येणार होता. नागपूरला गेलेलं माणूस या वयात परत मोहटोल्यात येतं थोडंच. या दगडांखाली त्यांच्या नवऱ्याचा न बोललेला शब्द होता, आणि तो ऐकायचा तर आत्ताच.

बाई ढिगाजवळ गेल्या. वाकून बघितलं. हात पुढे केला आणि वरच्या दगडावर ठेवला. जमादारांना वाटलं, आता उचलतील. उचलावा, असंही त्यांना मनापासून वाटलं.

"हा कोणाचा हाये?" बाईंनी विचारलं.

"झिंगूच्या बायकोचा," धुरपता म्हणाली. "तो हैद्राबादले गेला, दोन साल झाले."

"अन् हा?"

"माह्या पुतनीचा. तिचा पोरगा जंगलातून वापसच नाई आला."

बाईंनी आणखी दोन-तीन विचारले. मग हात मागे घेतला.

"उठ रे लोकेश," त्या म्हणाल्या. "या बायायचे गोटे मी हालवू? मंग त्यायची माणसं येतीन कुठी?"

"पण बाई, तुमचं..."

"माहं राहू दे तसंच." बाईंचा आवाज फुटला, पण त्यांनी तो सावरला नाही. "लय वाटते रे उघडून पाहावं. रोज वाटते. नागपूरलेही वाटन."

त्यांनी आजूबाजूला बघितलं, वाटेच्या कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि ढिगाशी आल्या. डोमा पुढे झाला. तो अतिशय हळू बोलला.

"सिस्टरबाई, मेलेल्यासाठी इथी नाई ठेवत. मेलेल्याचा गोटा अलग असते, त्याची जागा अलग असते."

बाई दगड तसाच धरून उभ्या राहिल्या. सईदाबींनी तोंडाला पदर लावला.

"माहा लच्छू जिता हाये का मेला, तुले ठाव हाये, डोमाभाऊ?" धुरपता म्हणाली. "मले नाई ठाव. ठेवू दे तिले."

डोमा बाजूला झाला.

बाईंनी दगड ठेवला. ठेवून मागे सरकल्या, तर धुरपतानं त्यांचं मनगट पकडलं. "नाव घ्या लागते, बाई. नाई तं त्याले कसं समजन, कोण बोलावते?"

वच्छलाबाई गोंधळल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आधी अहो, मग गुरुजी. चर्चमध्ये, दवाखान्यात, भांडणात, शेवटच्या तापातही गुरुजीच. त्यांनी ओठ उघडले, मिटले. जमादारांनी आणि अकरमनं माना दुसरीकडे वळवल्या, जसं बाई माणसाच्या खोलीच्या दारावरून जाताना वळवाव्यात.

"सुकलू," त्या पुटपुटल्या.

"तसं नाई," धुरपता म्हणाली. "लांब गेले ना ते. जोरानं हाक मार."

वच्छलाबाईंनी छातीत श्वास भरून घेतला. "सुकलू!" त्यांनी हाक मारली. आणि मग पदर डोक्यावरून घसरला तरी न सावरता, अख्खं रान हलवून, "सुकलू! अरे ये ना, सुकलू!"

वाटेनं मोहफुलं वेचून परतणारी माणसं थबकली, आणि कोण येतंय ते बघायला मागे वळून उभी राहिली.